घरी शिकणाऱ्या मुलाचा शाळेवरचा हक्क

“मुलीला नीट बसताही येत नाही, तिचं नाव शाळेत घालून काय करायचं?” “गुरुजी म्हणाले, घरीच राहू द्या, आम्ही पटावर नाव ठेवतो. म्हणजे नेमकं काय करणार?” “बाई येतात, सही घेतात, फोटो काढतात आणि जातात. एवढंच असतं का?” तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांचे आईवडील हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. सरकारी कागदांत या व्यवस्थेला ‘गृहाधारित शिक्षण’ म्हणतात. तिच्याबद्दल घरात अर्धवट माहिती असते, आणि बऱ्याचदा शाळेतही. म्हणून एक गोष्ट आधीच पक्की करू या. मूल घरी शिकत असलं तरी ते शाळेचा विद्यार्थी आहे. फक्त शिकण्याची जागा बदलते, शाळेची जबाबदारी बदलत नाही.

हा पर्याय कोणासाठी आहे?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा 2009 चा. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. 2012 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क मिळाला. या दोन संज्ञांच्या व्याख्या 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातून घेतल्या आहेत. दोन किंवा अधिक प्रकारचं दिव्यांगत्व एकत्र असेल तर ती बहुविकलांगता. प्रमाण 80 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ते तीव्र.

कायद्यात शब्द आहे तो ‘पर्याय निवडण्याचा’. निवड तुमची आणि मुलाची. मुख्याध्यापकांनी, शेजारच्या पालकांनी किंवा डॉक्टरांनी ती तुमच्यावर लादायची नाही. मुलाचं दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानुसार त्याला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जिथे हवं तिथे. घरी शिकणं ही या हक्काची एक बाजू आहे, त्याची जागा घेणारी गोष्ट नाही.

ज्यांचं मूल दिव्यांग नाही, पण ज्यांना शाळेऐवजी घरी शिकवायचं आहे, त्यांच्यासाठी ही व्यवस्था नाही. त्यांच्या घरी शिक्षक पाठवण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात नाही. त्यांचा रस्ता मुक्त विद्यालयाच्या परीक्षांमधून जातो, आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

होकार देण्याआधी चार प्रश्न

“जिना आहे”, “शौचालयाला कोण नेणार”, “वर्गात फिट आली तर जबाबदारी कोणाची” ही कारणं शाळा सांगते. कारणं खरी असतात, पण ती शाळेत दुरुस्त करायच्या गोष्टींची यादी आहे. मुलाला घरी ठेवण्यासाठी ती पुरेशी नाहीत. अर्जावर सही करण्याआधी मुख्याध्यापकांसमोर बसून हे विचारा:

- मुलाचा वर्ग तळमजल्यावर घेता येईल का? रॅम्प आणि कमोड कधीपर्यंत होईल?
- ने-आण हीच अडचण असेल, तर समग्र शिक्षा योजनेतून प्रवास भत्ता किंवा मदतनीस भत्ता मिळेल का?
- रोज नाही, पण आठवड्यातून दोन दिवस, दोन तास मूल वर्गात बसू शकेल का?
- आपल्या भागात मुलाला योग्य अशी विशेष शाळा आहे का?

तिसरा प्रश्न फार थोडे पालक विचारतात. पूर्ण वेळ शाळा किंवा पूर्ण वेळ घर, असे दोनच रस्ते आहेत असं सगळे धरून चालतात. परिपाठाला येऊन मधल्या सुट्टीपर्यंत थांबणारं मूलही शाळेत जाणारंच मूल असतं.

घर खरोखर योग्य ठरतं ते कधी? फिट औषधांनीही आटोक्यात नसतात, नळीने अन्न द्यावं लागतं, वारंवार न्यूमोनिया होतो, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असते, किंवा पाड्यावरून शाळेपर्यंत मुलाला उचलून नेण्याशिवाय मार्ग नसतो, तेव्हा. यातल्या काही परिस्थिती कायमच्या नसतात. म्हणून हा निर्णय एका शैक्षणिक वर्षापुरता घ्या आणि अर्जात तसं लिहा.

नाव घालताना

1. जवळच्या जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका किंवा अनुदानित शाळेत अर्ज द्या. प्रवेश वयाला साजेशा वर्गात मिळतो. नऊ वर्षांचं मूल कधीच शाळेत गेलं नसेल, तरी त्याला चौथीच्या पटावर घेता येतं. पहिलीपासून सुरुवात करण्याची सक्ती नाही.
2. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र यायला वेळ लागत असेल तरी प्रवेशासाठी थांबू नका. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरा आणि तपासणी सरकारी रुग्णालयात करून घ्या.
3. अर्जात चार वाक्यं स्पष्ट लिहा: गृहाधारित शिक्षणाचा पर्याय आम्ही स्वतः निवडत आहोत, मुलाचं नाव पटावर कायम ठेवावं, विशेष शिक्षकांच्या भेटी सुरू कराव्यात, पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला या निर्णयाचा फेरविचार करावा.
4. अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर तारीख, सही आणि शाळेच्या शिक्क्यासह पोच घ्या.
5. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-पोर्टलवर मुलाची नोंद झाली का आणि त्यात दिव्यांगत्वाचा प्रकार बरोबर भरला का, ते विचारा. ही नोंद नसेल तर तालुक्याच्या यादीत तुमचं मूल दिसत नाही, आणि पुढे साहित्य, भत्ता, शिक्षकाची भेट, सगळंच अडतं.

कोणाचं काम काय

घरी येतात ते विशेष शिक्षक. त्यांची नेमणूक तालुक्याच्या गटसाधन केंद्रामार्फत असते, शहरांत शहर साधन केंद्रामार्फत. त्यांनी विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेलं असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते. एकेका शिक्षकाकडे अनेक गावं असतात, त्यामुळे ते रोज येणार नाहीत. मुलाला समोर बसवून तासभर शिकवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. मुलाला काय येतं ते तपासणं, पुढचं ध्येय ठरवणं आणि ते तुमच्याकडून रोज कसं करून घ्यायचं हे तुम्हाला दाखवणं, हे मुख्य काम. भेटीत तुम्ही स्वयंपाकघरात आणि शिक्षक मुलापाशी, असं झालं तर ती भेट जवळजवळ वाया गेली असं समजा.

मुलाचा वर्गशिक्षक मात्र बहुतेक घरांना माहीतच नसतो. सगळा भार विशेष शिक्षकावर टाकला जातो आणि ज्याच्या हजेरीपटावर मुलाचं नाव आहे तो शिक्षक बाजूला राहतो. या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे असं मला वाटतं. विशेष शिक्षक मुलाच्या दिव्यांगत्वाबद्दल जाणतो. वर्गात या आठवड्यात काय चाललं आहे, कोणती कविता मुलांना आवडली, सहल कुठे चालली आहे, हे वर्गशिक्षकालाच ठाऊक असतं. मुलाला वर्गाशी जोडणारा माणूस तोच. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिली भेट त्याची घ्या. त्याच्याकडे एवढंच मागा:

- वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात तुमचा नंबर हवा.
- महिन्याचा अभ्यास कोणता, ते महिन्याच्या सुरुवातीला कळावं.
- हजेरी घेताना मुलाचं नाव पुकारलं जावं आणि तो घरी शिकतो हे वर्गाला माहीत असावं.
- स्नेहसंमेलन, 15 ऑगस्ट, बाल आनंद मेळावा, तपासणी शिबिर यांचं बोलावणं यावं.
- सत्रात एकदा तरी वर्गशिक्षकाने चार-पाच मुलांना घेऊन घरी यावं.

शेवटची गोष्ट तुम्हाला मोठी वाटेल, शिक्षकाला फारशी जड नसते. वर्गातली मुलं घरी आली की आपल्या मुलाच्या चेहऱ्यावर काय होतं ते तुम्हीच पाहाल. मोठ्या सुट्टीत तीच मुलं आपणहून येऊ लागतात.

मुख्याध्यापकांचं काम नोंदी, निधी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांत दिव्यांग मुलांच्या पालकांना जागा मागा, किंवा निदान तुमचा विषय बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवायला सांगा.

आणि तुम्ही. तुम्ही मुलाचे आईवडील आहात, चोवीस तासांचे शिक्षक किंवा थेरपिस्ट नाही. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं ठरवून करा, बाकीचं अंघोळ-जेवण-झोप यांत मिसळू द्या. हे काम एकट्या आईवर पडू देऊ नका. विशेष शिक्षकांच्या एका तरी भेटीला वडिलांनी रजा काढून थांबावं. आजी, मोठी बहीण यांनाही दाखवून घ्यावं. घरातलं एकच माणूस मुलाला भरवू शकतं आणि समजून घेऊ शकतं, अशी स्थिती त्या माणसालाही मोडते आणि मुलालाही अडवते.

आराखडा: गोल शब्द चालणार नाहीत

प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा असायला हवा. तो मागा, वाचा, त्याची प्रत घरी ठेवा. ‘संवाद सुधारणे’, ‘स्वावलंबन वाढवणे’ अशी वाक्यं असतील तर थांबा. तीन महिन्यांनी ती साध्य झाली की नाही, हे कोणी कसं ठरवणार?

समजा, मुलगा नऊ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, बोलता येत नाही, ऐकू नीट येतं, डाव्या हाताची मूठ उघडते. त्याच्या आराखड्यात असं काही दिसायला हवं:

- संवाद: दिवाळीपर्यंत समोर धरलेल्या दोन चित्रांपैकी हवं ते नजरेने दाखवेल, पाचपैकी चार वेळा. सुरुवात पाणी आणि दूध यांच्यापासून.
- गणित: ताटं मांडताना ‘एक’ आणि ‘दोन’ यांतला फरक हात लावून दाखवेल.
- वर्गाचा विषय: चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. वर्गशिक्षकांनी सांगितलेली गोष्ट फोनवर ध्वनिमुद्रित करून आणायची. ती ऐकल्यावर मुलगा किल्ला आणि घोडा या चित्रांतून गोष्टीत आलेलं चित्र निवडेल.
- शरीर: सी.पी. चेअरवर मान सरळ ठेवून वीस मिनिटं बसेल. पट्टे कसे बांधायचे ते घरातल्या दोघांना येईल.

तिसरा मुद्दा कोणी गाळला तर तो परत घालायला लावा. “याला इतिहास काय कळणार” असं म्हटलं जातं. पण त्याच्या वयाची गावातली सगळी मुलं ज्या गोष्टी ऐकून मोठी होतात, त्या त्यानेही ऐकायच्या आहेत. त्याला किती कळतं हे बोलता न आल्यामुळे आपल्याला कळत नाही, म्हणून तर नजरेने दाखवायला शिकवायचं.

आराखड्याचा आढावा सत्राच्या शेवटी विशेष शिक्षक, वर्गशिक्षक आणि तुम्ही एकत्र बसून घ्या. वर्गशिक्षकाला घरी येणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर घ्या.

भेटीच्या दिवशी

एक दोनशे पानी वही फक्त यासाठी ठेवा. भेटीची तारीख, आल्याची-गेल्याची वेळ, काय दाखवलं, पुढच्या भेटीपर्यंत काय करायचं, असं तिथेच शिक्षकांकडून लिहून घ्या. मधल्या दिवसांत तुम्हाला जे दिसतं तेही लिहा: आज फिट आली, आज स्वतःहून हसला, आज चमचा ढकलला. शिक्षकांना हीच माहिती सर्वांत उपयोगी पडते.

भेटीत दाखवलेली नवीन पद्धत तुमच्या हातून करून पाहा आणि शिक्षकांना बघायला सांगा. परवानगी घेऊन दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, घरातल्या बाकीच्यांना दाखवता येतो. भेट-पत्रकावर कोऱ्या रकान्यांखाली सही करू नका. झालेल्या भेटीचीच सही द्या. शिक्षकांना उशीर झाला, पाऊस होता, एसटी चुकली, तर समजून घ्या. एकेका दिवसात लांबलांबची घरं गाठणारी ही माणसं आहेत आणि त्यातली बरीच मनापासून काम करतात. त्यांच्याशी भांडण नको, नोंद मात्र चोख हवी.

तुमच्या मुलाला काय मिळायला हवं

- सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची मोफत पाठ्यपुस्तकं. घरी शिकणाऱ्या मुलाचा संचही शाळेतून आणा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपातही मोफत मिळतात. पान मोठं करून दाखवायला ती बरी पडतात.
- समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला 3500 रुपयांची तरतूद असते. ही रक्कम रोख हातात येत नाही. साहित्य, उपकरणं, थेरपी अशा सेवांवर खर्च होते.
- दिव्यांग मुलींना महिना 200 रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता थेट बँक खात्यात. मुलीचं खातं आधीच उघडून ठेवा.
- तालुक्याच्या मोजमाप शिबिरातून व्हीलचेअर, सी.पी. चेअर, कॅलिपर, श्रवणयंत्र. वाढत्या वयात खुर्ची दोन-तीन वर्षांत अपुरी पडते, तेव्हा पुन्हा मोजमाप करायला जा.
- जिल्हा रुग्णालयांतल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी, वाचा-उपचार यांसाठी तपासणी.
- ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना. तिचं संरक्षण एक लाख रुपयांपर्यंत आहे.

घात कुठे होतो

सर्वांत मोठा घात शाळा सोडल्याच्या दाखल्याने होतो. “तो येतच नाही, मग दाखला घेऊन जा” असं कोणी म्हटलं तर तो घेऊ नका. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि दाखला घेतलात की तुम्ही स्वतः नाव काढून घेतलं असं कागदावर उरतं.

दुसरा, प्रगतिपत्रक. घरी शिकणाऱ्या मुलालाही ते मिळायला हवं. वर्गाच्या लेखी परीक्षेचे गुण त्यात नसतील, पण आराखड्यातली ध्येयं किती गाठली याच्या वर्णनात्मक नोंदी हव्यात. सगळ्यांना सारखाच शेरा आणि सारखीच श्रेणी असेल तर वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा.

तिसरा घात हळूहळू होतो. वर्षामागून वर्ष अर्ज आपोआप पुढे चालू राहतो. सात वर्षांचं असताना वारंवार आजारी पडणारं मूल अकराव्या वर्षी बरंच सावरलेलं असतं, पण फेरविचार कोणीच करत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घरच्या शिक्षणाचा पर्याय कायम ठेवताना त्याची परिणामकारकता तपासायला सांगितलं आहे. दर जूनमध्ये वरचे चार प्रश्न पुन्हा विचारा.

कोणी येतच नसेल तर

1. आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या. वहीतल्या तारखा जोडा.
2. पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाला. केंद्रप्रमुखांनाही प्रत द्या.
3. शिक्षण हक्क कायद्यानुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तुमचं म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो.
4. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. दिव्यांगत्वावरून भेदभाव झाला असेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही जाता येतं.

“शिक्षकच नाहीत” हे उत्तर मिळेल. ते खोटं असेलच असं नाही. पण 2022 मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवलं गेलं आहे: पहिली ते पाचवीत दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, सहावी ते आठवीत पंधरामागे एक. रिक्त जागेचं कारण सांगितलं तर ते लेखी मागा. तालुक्यातले पाच-सहा पालक एकत्र येऊन गेलात तर त्या कागदाचं वजन वाढतं.

आठवीनंतर

शिक्षण हक्क कायदा 14 वर्षांपर्यंत, म्हणून “आठवी झाली, आता संपलं” असं सांगितलं जातं. 2016 च्या कायद्याने हक्क 18 वर्षांपर्यंत आहे आणि समग्र शिक्षा योजना बारावीपर्यंत. त्यामुळे नववीच्या शाळेत नाव घालण्याचा आग्रह धरा.

परीक्षा देऊ शकेल असं मूल असेल तर तीन दारं आहेत. राज्य मंडळाची दहावी, शाळेमार्फत किंवा खासगी विद्यार्थी म्हणून 17 नंबरचा अर्ज भरून. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ, जिथे पाचवी, आठवी, दहावी, बारावी अशा पातळ्या आहेत. आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. तिथे दहावीसाठी किमान वय 14, आणि पाच वर्षांत नऊ संधींमध्ये एकेक विषय सोडवता येतो. सारखं आजारी पडणाऱ्या मुलाला हा शेवटचा मार्ग सोयीचा. राज्य मंडळाच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ अशा सवलती आहेत, पण त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. लेखनिकाबरोबर काम करण्याचा सराव नववीपासून करा. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा भेटलेल्या लेखनिकाला मुलाचं बोलणं समजत नाही.

जी मुलं परीक्षेला बसणार नाहीत, त्यांच्या आराखड्यात या वयात कपडे, मासिक पाळी, परक्या माणसाला ‘नको’ सांगणं आणि हाताला जमेल असं एखादं काम यायला हवं. मुलींच्या आयांनी हा विषय विशेष शिक्षिकांकडे संकोच न करता काढावा.

आणि मूल 18 वर्षांचं झालं की कायद्याने ते प्रौढ ठरतं. बँक, रुग्णालय, निवृत्तिवेतन, सगळीकडे त्याची सही मागितली जाते. राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या चारपैकी एखादं दिव्यांगत्व असेल तर जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याची कागदपत्रं वाढदिवसाच्या सहा महिने आधीपासून जमवायला लागा: दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आधार, जन्मतारखेचा पुरावा. जन्मनोंद नसेल तर इथे शाळेचा दाखला लागतो, आणि नाव पटावर नोंदलेलं असेल तरच शाळा तो देऊ शकते.